विश्लेषण : महाड-पोलादपूरहून लंडन, जोडप्याची पहिली सहल कशी आखाल? आधी तिकीट की आधी व्हिसा?

लंडनला जायचे ठरले की पहिली यादी निघते ती पाहण्याच्या ठिकाणांची. बिग बेन, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्वस्त विमान तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि ‘काढून टाकूया’ असे वाटू लागते. पहिल्या परदेश सहलीचा हिशेब बिघडतो तो इथे. महाड किंवा पोलादपूरच्या जोडप्यासाठी या सहलीचा अवघड भाग घरातच आहे : बँकेच्या खात्यात, लग्नाच्या दाखल्यावरच्या नावात आणि पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे या निर्णयात. तो भाग नीट जमला, तर खुद्द लंडन बऱ्यापैकी फुकटात पाहता येते. कसे, ते समजून घेऊ.

महाडकरांसाठी लंडनच का?

युरोपातले पहिले शहर म्हणून अनेक जण लंडन निवडतात, कारण मुंबईहून थेट विमान आहे आणि इंग्रजीवर काम भागते. महाडकरांना आणखी एक कारण आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याआधी काही वर्षे लंडनमध्ये शिकत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी केली, ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहत, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म रायगडाजवळच्या नाते गावचा. केंब्रिजमध्ये शिकून त्यांनी १९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा दिली. थोडक्यात, इथून लंडनला जाणारे तुम्ही पहिले नाही.

आधी तिकीट की आधी व्हिसा?

आधी व्हिसा. का, ते आकड्यांत पाहू. सात रात्रींच्या सहलीचा हा नमुना हिशेब आहे. पौंड १२० रुपयांचा धरला आहे. विमान, खोली आणि जेवणाचे आकडे अंदाजासाठी घेतले आहेत, तुमच्या तारखांचे दर तिथे भरा.

• विमान तिकीट, दोघांचे येऊन-जाऊन : १,४०,००० रुपये
• साधी खोली, रात्रीला १०० पौंड : ८४,००० रुपये
• जेवणखाण, दोघांचे दिवसाला ४० पौंड, आठ दिवस : ३८,४०० रुपये
• शहरातला प्रवास, दोघांचा सात दिवसांचा : सुमारे १५,००० रुपये
• दोन मोठ्या ठिकाणांची तिकिटे : सुमारे १६,८०० रुपये
• व्हिसा शुल्क, एप्रिल २०२५ च्या दराने प्रत्येकी १२७ पौंड : ३०,४८० रुपये

एकूण सुमारे सव्वातीन लाख. आता या रकमेकडे वेगळ्या नजरेने पाहा. व्हिसा नाकारला गेला तर यातले किती बुडेल? फक्त व्हिसासाठी पैसे भरले असतील तर ३० हजार. आधीच न परत मिळणारे विमान तिकीट काढून ठेवले असेल, तर १ लाख ७० हजार. अर्ज तोच, जोडपे तेच, पण क्रम चुकल्याने नुकसान साडेपाच पट.

ब्रिटनच्या व्हिसासाठी विमान तिकीट दाखवावे लागत नाही, हे इथे महत्त्वाचे. ब्रिटिश सरकारच्या मार्गदर्शक यादीत विमान आणि हॉटेलचे बुकिंग ‘फारशा उपयोगाची नसलेली कागदपत्रे’ या गटात येते. ड्रायव्हिंग लायसन्स, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि फोटोही त्याच गटात. एखादा एजंट ‘तिकीट काढल्याशिवाय फाइल जात नाही’ असे सांगत असेल, तर तो नियम ब्रिटनचा नाही.

व्हिसाची प्रक्रिया कशी असते?

पर्यटनासाठी ‘स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा’ लागतो. त्यावर सहा महिन्यांपर्यंत राहता येते. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, शुल्क तिथेच भरायचे आणि मग बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात जायचे. आपल्याला जवळची केंद्रे म्हणजे मुंबई आणि पुणे. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले. ते वरचेवर बदलते, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच पाहा. नवरा-बायकोचा मिळून एक अर्ज होत नाही. दोघांचे अर्ज वेगळे, शुल्क वेगळे.

व्हीएफएसचे काम अर्ज स्वीकारण्याचे आहे. व्हिसा द्यायचा की नाही, हे ब्रिटिश अधिकारी ठरवतात. म्हणून ‘आमची आत ओळख आहे’ किंवा ‘व्हिसाची गॅरंटी’ असे कुणी म्हणाले, तर तिथून उठावे.

अधिकारी नेमके काय तपासतो?

तीन प्रश्न. हे दोघे खरोखर फिरायलाच येत आहेत का? मुदत संपायच्या आत परत जातील का? खर्चाचे पैसे त्यांच्याकडे आहेत का? खात्यात अमुक एवढी रक्कम हवी, असा आकडा नियमात नाही. पैसा कुठून आला, हे दिसावे लागते.

महाड एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी असेल, तर पगाराच्या पावत्या, पगार जमा होणाऱ्या खात्याचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र एवढ्याने चित्र स्पष्ट होते. शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असाल, तर परदेश प्रवासाची विभागाची परवानगी आधी मागा. ती फाइल फिरायला वेळ लागतो.

दुकानदारांची आणि छोट्या व्यावसायिकांची गोष्ट थोडी वेगळी. व्यवहार रोखीत, वर्षाची उलाढाल चांगली, पण खात्यात शिल्लक जेमतेम. मग अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून किंवा मेहुण्याकडून चार लाख घेऊन खात्यात टाकले जातात. स्टेटमेंट पाहणाऱ्याला ही रक्कम पहिल्या नजरेत दिसते. त्यापेक्षा सहा-आठ महिने आधीपासून रोजची जमा नियमितपणे बँकेत टाकावी आणि विवरणपत्र वेळेवर भरावे. पैसे पतसंस्थेत असतील, तर सहलीपुरती रक्कम बरीच आधी बँक खात्यात आणावी. एखादी मोठी रक्कम खरोखरच आली असेल, जमीन विकली किंवा भिशी लागली, तर त्याचा कागद जोडून दोन ओळींत खुलासा करावा.

परत येण्याचे कारण म्हणजे नोकरी, दुकान, शेती, शाळेत जाणारी मुले, घरातले आईवडील. सातबारा जोडता येतो. मात्र तो मराठीत आहे.

मराठी कागद चालतात का?

इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर जोडावे लागते. भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर असावा लागतो. सातबारा, ग्रामपंचायतीचा दाखला, मराठीतले रजेचे पत्र या सगळ्याला हे लागू आहे. त्यामुळे ज्या कागदाने काही सिद्ध होते, तेवढाच जोडा. वीस उतारे जोडून वीस भाषांतरांचा खर्च करण्यात अर्थ नाही.

बायकोच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर?

ही आपल्याकडची सर्वात नेहमीची अडचण. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. पॅनवर तिसरेच काहीतरी. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदतीत असेल तर तो वैध आहे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, अशी सक्ती नाही. फक्त दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे जोडणारा कागद हवा, आणि तो म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र.

लग्न गावात लागले, पत्रिका छापली, अल्बमही झाला, पण नोंदणी राहून गेली, अशी जोडपी कमी नाहीत. गावात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते, शहरात नगर परिषदेत. सहलीचा विचार मनात आला त्याच आठवड्यात हे काम हातात घ्या. एक काळजी घ्या : व्हिसा अर्ज, विमान तिकीट आणि विमा या तिन्हींवर नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर हवे. तिकिटावर सासरचे आणि पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल, तर विमानतळावर अडकायला होते.

पासपोर्टच नसेल, तर ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ सेवेसाठी २,००० रुपये जादा. भेटीची वेळ पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर मिळते, पोलिस पडताळणी स्थानिक ठाण्याकडून होते.

पत्नी गृहिणी असेल तर?

तिचा अर्ज वेगळा तपासला जातो, त्यामुळे तिचा खर्च कोण करणार हे तिच्याच अर्जात लिहावे लागते. नवऱ्याचे स्टेटमेंट आणि विवरणपत्र तिच्या फाइलमध्येही जोडा, सोबत विवाह प्रमाणपत्र आणि ‘हा खर्च मी करणार आहे’ असे त्याचे सहीचे पत्र. तिच्या स्वतःच्या नावावर ठेव, शिवणकामाचे किंवा शिकवणीचे उत्पन्न असेल, तर तेही दाखवा. उलट बाजूने, पत्नी नोकरीत आणि नवरा शेती पाहणारा असेल, तरी पद्धत हीच.

व्हिसा नाकारला तर?

शुल्क परत मिळत नाही. व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर सहसा अपील करता येत नाही, मात्र नव्याने अर्ज करता येतो. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेले असते. त्या कारणाचे उत्तर देणारा नवा कागद हाती नसेल, तर पुन्हा तोच अर्ज करणे म्हणजे पुन्हा ३० हजार घालवणे. खोटे कागद मात्र कधीही जोडू नयेत. खोटी पगार पावती किंवा बनावट स्टेटमेंट सापडले, तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. कागद एजंटने बनवला असला, तरी अर्ज तुमच्या नावावर असतो.

कधी जावे आणि महाडहून कसे निघावे?

मेमध्ये जायचे असेल, तर अर्ज फेब्रुवारीत करता येतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल, तर ठसे देण्याची भेट ऐन पावसाळ्यात, ऑगस्टच्या आसपास येते. पुण्याला जाणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी कोसळतात. अशा दिवसांत मुंबईचे केंद्र निवडलेले बरे. वीर स्थानकावरून कोकण रेल्वेने किंवा एसटीने आदल्या दिवशी पोहोचून मुक्काम करावा. विमानाच्या दिवशीही तेच. मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर दुपारी घरून निघून रात्रीचे आंतरराष्ट्रीय विमान पकडण्याचा धोका घेऊ नये.

लंडनमधला दिवस ऋतूप्रमाणे खूप बदलतो. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारते. तोच खोलीचा खर्च, पण उन्हाळ्यात पाहायला जवळपास दुप्पट दिवस मिळतो.

लंडनमध्ये काय पाहाल? कशाला पैसे लागत नाहीत?

ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि टेट मॉडर्न यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. टॉवर ऑफ लंडनचे तिकीट मात्र माणशी ३० पौंडांच्या वर आहे. कोहिनूर तिथे आहे. अशी तिकिटे लागणारी एक-दोन ठिकाणे ठरवा, बाकी सहल फुकटच्या ठिकाणांवर आखा.

ठिकाणे प्रसिद्धीनुसार न लावता नकाशानुसार लावली, तर वेळ आणि भाडे दोन्ही वाचते.

• पहिला भाग : ब्रिटिश म्युझियम, तिथून चालत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.
• दुसरा भाग : चॉक फार्म स्थानकाजवळचे आंबेडकरांचे घर आणि शेजारची प्रिमरोज हिल टेकडी. टेकडीवरून शहर दिसते. घर पाहण्याच्या वेळा निघण्याआधी तपासा.
• तिसरा भाग : साऊथ केन्सिंग्टनमधली तीन मोठी संग्रहालये, एकमेकांना लागून.
• चौथा भाग : वेस्टमिन्स्टर, बिग बेन आणि थेम्सच्या दक्षिण काठाने पायी.
• पाचवा भाग : टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज आणि पुढे ग्रीनिच.

एक सूचना. वाघनखे पाहायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाण्याचा बेत असेल, तर आधी चौकशी करा. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र लंडनच्या त्या संग्रहालयात आहे.

बस, पैसे आणि जेवण यांचे काय?

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. टॅप करता येणारे बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड लागते आणि दोघांना दोन वेगळी कार्डे लागतात. एका कार्डावर दोन माणसे जाऊ शकत नाहीत. मेट्रोत चढताना आणि उतरताना तेच कार्ड टॅप करा. दिवसाची कमाल मर्यादा गाठली की पुढे पैसे कापले जात नाहीत. बसचे भाडे २०२५ मध्ये १.७५ पौंड होते आणि त्यात तासाभरात बस बदलली तरी जादा भाडे नव्हते.

कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून घ्या. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून तो नंबर रोमिंगवर चालू ठेवा. तुमच्या सहकारी बँकेचे कार्ड परदेशात चालते का, हे शाखेत विचारा. चालत नसेल तर फॉरेक्स कार्ड घ्या.

शाकाहारी जेवणासाठी युस्टन स्थानकाजवळचा ड्रमंड स्ट्रीट, वेम्बलीचा ईलिंग रोड आणि साउथॉल ही नावे लक्षात ठेवा. घरून नेताना चटणी, चिवडा, थालीपिठाची भाजणी चालेल. दुधाचे पदार्थ आणि मांस नेण्यास बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि साजूक तुपाची बरणी घरीच ठेवा.

ब्रिटनच्या व्हिसाला प्रवास विम्याची सक्ती नाही, तरी तो घ्याच. तिथे तातडीच्या विभागातली तपासणी मोफत असली, तरी रुग्णालयात दाखल झाल्यास परदेशी पर्यटकाला मोठे बिल येते. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

लंडनसोबत पॅरिसही होईल का?

रेल्वेने सव्वादोन तासांचे अंतर असल्याने हा मोह सगळ्यांना होतो. पण ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून प्रत्येकी ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. हा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत करता येतो. दोन फायली, दोन शुल्के, दोन वेळा ठसे. पहिल्या सहलीला एकच शहर पुरे.

टूर कंपनीसोबत गेले तर?

व्हिसाचे कागद तेवढेच लागतात आणि निर्णयही तोच अधिकारी घेतो. सोय मिळते ती जेवण, मुक्काम आणि सोबतीची. आगाऊ रक्कम भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा : व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील?

परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस कापते. हा आगाऊ कर आहे. तुमच्या पॅनवर तो जमा होतो आणि विवरणपत्र भरले की वळता होतो किंवा परत मिळतो. स्वतः सहल आखून परकी चलन घेतले, तर १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही.

थोडक्यात, कामाचा क्रम कोणता?

• आठ महिने आधी : विवाह नोंदणी, पासपोर्ट, नावांची जुळणी. रोजची जमा बँकेत.
• चार महिने आधी : रजा किंवा विभागाची परवानगी, आयकर विवरणपत्रे, गरजेची भाषांतरे.
• तीन महिने आधी : ऑनलाइन अर्ज, शुल्क, मुंबई किंवा पुण्यात ठसे.
• व्हिसा हाती आल्यावर : त्यावरचे नाव आणि तारखा तपासा. मगच विमान तिकीट, विमा आणि हॉटेल.
• निघण्याच्या आठवड्यात : कार्ड सुरू, रोमिंग सुरू, आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम.

यातली पहिली ओळ आजच सुरू करता येते आणि तिला फारसा खर्चही नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत जाऊन लग्नाची नोंद झाली आहे का, एवढे विचारून या.